जुन्या लिनक्स फाईल सर्व्हरवरून युजर आणि फायली नव्या मशीनवर कशा न्यायच्या

सेंटओएस ७ या लिनक्सचे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले, तरी अजून कितीतरी छोट्या ऑफिसांत टेबलाखाली तोच सर्व्हर सुरू आहे, वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नाही, आणि आता डिस्क कुरकुरायला लागली की ऑफिसातल्या नवीन पोराला सांगतात, तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग हे सगळं नव्या मशीनवर टाक. त्या पोरासाठी किंवा पोरीसाठी हे लिहितोय. काम अवघड नाही पण क्रम चुकला की फार मनस्ताप होतो.

उदाहरण म्हणून एका छापखान्याचं ऑफिस धरू. चौदा माणसं, डीटीपी, अकाउंट, प्रूफ असे तीन-चार शेअर फोल्डर, एकूण २ टीबी डेटा. जुन्या मशीनवर सेंटओएस ७ आणि सांबा, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला शेअर करून देणारा प्रोग्रॅम, नव्यावर डेबियन १२ हे दुसरं लिनक्स. विंडोजच्या पीसीवर सगळ्यांना तो झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो आणि तो सर्व्हरवर आहे हे निम्म्या लोकांना माहीतही नसतं. कमांड मी फोनवर सांगतो तशा उच्चारून लिहिल्यात, टाईप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांत करा आणि जिथे कॅपिटल म्हटलंय तिथेच कॅपिटल.

आधी हे समजून घ्या

फाईलीला मालकाचं नाव माहीत नसतं. डिस्कवर फक्त एक आकडा लिहिलेला असतो, यूआयडी, आणि ग्रुपचा दुसरा आकडा, जीआयडी. तुम्ही फोल्डरची यादी काढता तेव्हा लिनक्स तो आकडा स्लॅश ईटीसी स्लॅश पासडब्ल्यूडी या फाईलीत शोधतं आणि तिथलं नाव दाखवतं, बस. खात्री करायची तर एलएस डॅश एलएन करून बघा, नावांच्या जागी १०००, १००१, १००२ असे आकडे दिसतील. हेच खरं, नावं वरून चिकटवलेली आहेत.

मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा आधी फायली ओतल्या आणि युजर नंतर निवांत बनवू म्हटलं. डेबियन टाकताना इन्स्टॉलर एक लॉगिन बनवून घेतो आणि त्याला १००० नंबर देतो, तो माझा झाला. जुन्या सर्व्हरवर १००० होत्या अकाउंटच्या ताई. मग मी एकेक युजर हाताने बनवत गेलो, ताईंना मिळाला १००३, जो जुन्यावर डीटीपीच्या शिकाऊ मुलाचा होता. सोमवारी सकाळी ताई पगाराची शीट उघडायला गेल्या तर परवानगी नाही म्हणून मेसेज, आणि त्या मुलाच्या खाजगी फोल्डरातलं सगळं त्यांना उघडतंय. एकही फाईल हरवली नव्हती पण ऑफिसचा पूर्ण दिवस गेला, आणि कोणाचं काय कोणाला दिसलं याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, आधी युजर, मग फायली, आणि आकडे जसेच्या तसे.

कधी करायचं

छापखाना असेल तर दिवाळी अंकाच्या धामधुमीत अजिबात नाही, सीएचं ऑफिस असेल तर रिटर्नच्या तारखांच्या आसपास नाही. शनिवारी संध्याकाळी शेवटची उडी मारायची आणि रविवार हातात ठेवायचा.

वेळेचा हिशोब आधीच करा. गिगाबिट नेटवर्कवर मोठ्या फायली फारतर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे २ टीबीला साधारण पाच तास, आणि छोट्या छोट्या लाखो फायली असतील तर त्याहून बराच जास्त वेळ. पण केबल जुनी असली किंवा मधला स्विच १०० एमबीपीएसचा असला तर तेच काम पन्नास तासांवर जातं. इथे दोन मिनिटं घालवा, दोन्ही मशीनवर ईथटूल कमांडला नेटवर्क कार्डाचं नाव देऊन बघा, स्पीडच्या ओळीत १००० दिसलं पाहिजे. १०० दिसलं तर केबल बदला, बऱ्याचदा एखादी पिन नीट न बसलेली केबलच निघते.

जुन्या सर्व्हरचा बॅकअप, मायग्रेशनच्या आधी

नव्या मशीनवर नेणं, मायग्रेशन, म्हणजे बॅकअप नव्हे. दोन्ही मशीनवर कॉपी आहे म्हणजे सेफ आहोत असं वाटतं पण चुकीची एक कमांड दोन्हीकडची वाट लावू शकते. रेड, म्हणजे एकच डेटा दोन डिस्कवर ठेवायची सोय, तीही बॅकअप नाही, ती एक डिस्क गेली तर काम थांबू नये एवढ्यासाठी असते, डिलीट झालेली फाईल ती दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानदारीने डिलीट करते. तेव्हा ४ टीबीची एक बाहेरची डिस्क आणा आणि आधी तिच्यावर सगळं घ्या.

नवीन डिस्क बहुतेक एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटमध्ये येते. एक्सफॅटवर मालक, ग्रुप, परमिशन काहीच टिकत नाही, फायली येतात पण कोणाच्या ते पुसलं जातं. डिस्क एक्स्ट४ ने फॉरमॅट करून घ्या. ती विंडोजवर थेट उघडणार नाही, चालेल, ती विंडोजसाठी नाहीच आहे.

डेटाबरोबर स्लॅश ईटीसी हा पूर्ण फोल्डर टार करून, म्हणजे एका फाईलीत बांधून, ठेवा, तो छोटा असतो. तो नव्या मशीनवर तसाच ओतायचा नाही हं, फक्त नंतर बघायला, जुन्याला काय सेटिंग होतं, कुठली डिस्क कुठे माउंट होती. रूटचा, म्हणजे मुख्य ॲडमिनचा, आणि प्रत्येक युजरचा क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) घ्या, सेंटओएसवर तो स्लॅश व्हार स्लॅश स्पूल स्लॅश क्रॉनमध्ये असतो, डेबियनवर त्याच्या आत आणखी क्रॉनटॅब्स नावाचा फोल्डर आहे, त्यामुळे सरळ कॉपी केलं तर क्रॉन चालणार नाही आणि कोणी ओरडणारही नाही, आठवड्याने लक्षात येतं. कोटा, म्हणजे कोणी किती जागा वापरायची याची मर्यादा, लावलेला असेल तर त्याचे आकडे रेपकोटा करून एका फाईलीत काढून ठेवा.

युजर न्यायचे

चार फायली आहेत, पासडब्ल्यूडी, शॅडो, ग्रुप आणि जीशॅडो, चारही स्लॅश ईटीसीमध्ये. नवखा माणूस हमखास या चारही उचलून नव्या मशीनवर टाकतो आणि मशीन बिघडवून बसतो, कारण त्यात माणसांबरोबर सिस्टिमचे युजरही असतात आणि सेंटओएसचे आणि डेबियनचे सिस्टिम युजर वेगळे, त्यांचे नंबरही वेगळे. आपल्याला फक्त माणसं हवीत. सेंटओएस ७ वर माणसांचे नंबर १००० पासून सुरू होतात, तेव्हा ऑक कमांडने पासडब्ल्यूडीची ओळ कोलनवर तोडायची आणि तिसरा रकाना १००० किंवा जास्त आणि ६०००० पेक्षा कमी असलेल्या ओळी वेगळ्या फाईलीत काढायच्या. वरची मर्यादा यासाठी की ६५५३४ वर नोबडीसारखा एक सिस्टिमचा युजर बसलेला असतो. ग्रुपच्या फाईलीतही तिसऱ्या रकान्यातच नंबर, तिथेही हेच.

सर्व्हर त्याहून जुना, सेंटओएस ६ चा असेल तर माणसं ५०० पासून सुरू होतात आणि डेबियनच्या सिस्टिम नंबरांशी टक्कर होऊ शकते, तिथे नंबर बदलण्याचं वेगळं काम आहे, ते न करता पुढे जाऊ नका.

शॅडो फाईलीशी मात्र जपून. तिथे यूआयडी नसतोच, तिसऱ्या रकान्यात असतो पासवर्ड शेवटचा कधी बदलला तो दिवस, १ जानेवारी १९७० पासून मोजलेला, म्हणजे अठरा-एकोणीस हजाराच्या घरातला आकडा. तोच ऑकचा फिल्टर इथे लावला तर १००० पेक्षा मोठा आणि ६०००० पेक्षा लहान असल्याने सिस्टिमचे युजरही आरामात पास होतात, आणि यादी लांबलचक बघून माणसाला वाटतं बरोबरच आहे. शॅडोच्या ओळी नावावरून काढा, आधी पासडब्ल्यूडीतून निघालेली नावं घ्या आणि ग्रेपने ओळीच्या सुरुवातीला ते नाव आणि पुढे कोलन असलेली ओळच उचला. जीशॅडोलाही असंच, फक्त तिथे ग्रुपची नावं.

शॅडोतल्या पासवर्डच्या सुरुवातीला डॉलर सहा डॉलर दिसलं तर तो एसएचए ५१२ प्रकारचा आहे, डेबियन १२ ला तो नीट समजतो, लोकांना पासवर्ड बदलायला सांगायची गरज नाही. उलट्या दिशेने जमत नाही, डेबियन स्वतः नवे पासवर्ड डॉलर वाय डॉलरने लिहितं आणि सेंटओएस ७ ला ते वाचता येत नाहीत. त्यामुळे नव्यावर गेल्यावर कोणी पासवर्ड बदलला तर परत मागे यायचं म्हटल्यास ती ओळ मागे नेता येणार नाही.

आता नव्या मशीनवर. सगळ्यात आधी इन्स्टॉलरने बनवलेलं ते १००० नंबरचं लॉगिन बाजूला सारा. रूट म्हणून थेट लॉगिन करा, त्या युजरचं काहीही चालू नको, मग यूजरमॉड डॅश यू ५००० आणि त्याचं नाव, मग ग्रुपमॉड डॅश जी ५००० आणि ग्रुपचं नाव. यूजरमॉड त्याच्या होम फोल्डरातल्या फायलींचा मालक स्वतः बदलतो, ग्रुप मात्र तुम्हाला सीएचजीआरपी डॅश कॅपिटल आर ने बदलायला लागतो. मग काढलेल्या ओळी नव्याच्या चारही फायलींच्या शेवटी जोडा. आधी त्या फायलींची कॉपी ठेवायला विसरू नका, आणि रूटचं एक जादा टर्मिनल उघडं ठेवा, काही बिघडलं तर आत असलेला माणूसच दुरुस्त करू शकतो. जोडून झालं की पीडब्ल्यूसीके आणि जीआरपीसीके या दोन कमांड चालवा, डबल नावं, तुटक्या ओळी, गायब ग्रुप सगळं सांगतात. होम फोल्डर अजून नाही अशी तक्रार येईल, ती आत्ता सोडून द्या.

सेंटओएसवर ॲडमिन लोक व्हील ग्रुपात असतात, डेबियनवर तेच काम सुडो नावाचा ग्रुप करतो. सिस्टिमचा ग्रुप असल्याने तो आपल्या फिल्टरमध्ये आलेला नाही, जे दोघं-तिघं असतील त्यांना हाताने घाला.

सांबाचे पासवर्ड वेगळे असतात

इथे बरेच जण अडकतात. विंडोजवरून झेड ड्राइव्ह उघडताना जो पासवर्ड लागतो तो शॅडोतला नाही, सांबा स्वतःची यादी ठेवतं, स्लॅश व्हार स्लॅश लिब स्लॅश सांबा स्लॅश प्रायव्हेटमध्ये पासडीबी डॉट टीडीबी नावाच्या फाईलीत. दोन्हीकडे जागा तीच आहे हे नशीब. सांबा थांबवून ही फाईल न्यायची, चालू असताना कॉपी केली तर अर्धवट येऊ शकते. नेल्यावर पीडीबीएडिट डॅश कॅपिटल एल केलं की चौदाच्या चौदा नावं दिसली पाहिजेत. सांबाला प्रत्येक नावामागे लिनक्सचा युजर लागतो, म्हणून युजरचं काम आधी.

जुन्यावर नेट गेटलोकलएसआयडी करून तो लांब नंबर, म्हणजे सर्व्हरची ओळख असलेला एसआयडी, लिहून घ्या आणि नव्यावर नेट सेटलोकलएसआयडीने तोच द्या, सर्व्हरचं नावही जुनंच ठेवा, मग विंडोजला मशीन बदलल्याचा पत्ताच लागत नाही आणि चौदा पीसींपुढे जाऊन बसावं लागत नाही. एसएमबी डॉट कॉन्फ ही सांबाची सेटिंगची फाईल मात्र डोळे मिटून नेऊ नका, शेअरचे भाग तेवढे उचला आणि टेस्टपार्म चालवून बघा.

आणि स्कॅनर! ऑफिसातलं मोठं झेरॉक्स मशीन स्कॅन करून थेट शेअर फोल्डरात फाईल टाकत असेल तर सावध. सांबा ४.११ पासून जुना एसएमबी१ प्रोटोकॉल, म्हणजे शेअर फोल्डरसाठी मशीनं आपसात बोलतात ती जुनी भाषा, आपोआप बंद असतो. सेंटओएस ७ वर सांबा ४.१० आहे, डेबियन १२ वर ४.१७, म्हणजे बरोबर मधली रेषा तुम्ही ओलांडताय. जुनी मशीनं आणि विंडोज एक्सपी फक्त एसएमबी१ बोलतात. सर्व्हर मिन प्रोटोकॉल हे सेटिंग खाली आणून ते चालू करता येतं पण रॅन्समवेअरच्या दिवसांत सगळ्या ऑफिसचा डेटा त्यासाठी उघडा ठेवू नये असं माझं ठाम मत आहे, स्कॅनरला ईमेलवर किंवा एफटीपीवर पाठवायला लावा आणि त्या एफटीपीला वेगळा रिकामा फोल्डर द्या.

फायली न्यायच्या

हत्यार एकच, आरसिंक, दोन मशीनमध्ये फायली कॉपी करून जुळवणारी कमांड. सांबा आणि आरसिंक दोन्हींची सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी केली, आरसिंक १९९६ मध्ये पॉल मॅकेरास यांच्यासोबत, आणि आजही छोट्या ऑफिसचं अख्खं काम या दोन गोष्टींवर निघतं.

नव्या मशीनवर बसून जुन्याकडून ओढायचं, दोन्हीकडे रूट. आरसिंक, मग डॅश आणि लगेच ए, कॅपिटल एच, कॅपिटल ए, कॅपिटल एक्स, मग डॅश डॅश न्यूमेरिक डॅश आयडीज, मग जुन्याचा पत्ता आणि फोल्डर, मग इथला फोल्डर. नुसत्या छोट्या ए मध्ये सगळं येतं असं बऱ्याच जणांना वाटतं पण हार्डलिंक (एकाच फाईलीची दोन नावं), एसीएल आणि जादा ॲट्रिब्यूट येत नाहीत, ती तीन कॅपिटल अक्षरं त्यासाठी आहेत. कोणाकोणाला वेगळी परवानगी दिलेली असते ती एसीएलमध्ये असते आणि विंडोजची हिडन, रीड ओन्लीची खूण सांबा ॲट्रिब्यूटमध्ये ठेवतं. न्यूमेरिक आयडीज म्हणजे नावाचा विचार करू नको, आकडा आहे तसा लिही.

शेवटच्या स्लॅशकडे लक्ष द्या. जुन्या फोल्डरच्या नावामागे स्लॅश दिला तर त्याच्या आतलं सामान येतं, नाही दिला तर तो फोल्डरच आत येऊन बसतो, म्हणजे डेटाच्या आत परत डेटा. प्रत्येक वेळी आधी डॅश एन आणि डॅश आय लावून खोटी फेरी मारा, काय काय जाणार ते नुसतं दाखवतं.

आणि हे सगळं टीमक्स किंवा स्क्रीनच्या आत चालवा, त्यांच्या आत टर्मिनल तुटलं तरी काम चालू राहतं. लॅपटॉप झोपला, वायफाय तुटलं, लाईट गेली की साधं टर्मिनल मरतं आणि कॉपीही त्याच्याबरोबर. अर्थात आरसिंक परत चालवलं की पूर्ण झालेल्या फायली सोडून पुढचं घेतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

पहिली फेरी आठवड्याच्या मधेच मारा, लोक काम करत असताना. दीड-दोन दिवस लागू देत. मग रोज रात्री एक फेरी, ती फक्त बदललेलं आणते, शनिवारपर्यंत ती काही मिनिटांवर येते.

मराठी नावांच्या फायलींबद्दल एक गोष्ट. एक्स्ट४ वर फाईलीचं नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण सगळी वेगळी मोजली जातात. विद्यार्थी हा एक शब्द घ्या, तो दहा चिन्हांचा, म्हणजे तीस बाइट. असे जेमतेम पंच्याऐंशी चिन्हांत नाव संपलं पाहिजे. विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ चिन्हं चालतात, त्यामुळे जुन्या सर्व्हरवरून येताना अडचण नाही पण याच निमित्ताने पीसींच्या डेस्कटॉपवरचा डेटा सर्व्हरवर आणायचा ठरला आणि कोणी लेखाचं पूर्ण शीर्षक, लेखकाचं नाव, अंतिम, अंतिम नवीन असं सगळं नावात घातलं असेल तर ती फाईल अडते. आरसिंकच्या शेवटी एरर आली तर सोडून देऊ नका, वर जाऊन कुठली फाईल ते वाचा.

शनिवारची रात्र

सगळ्यांना आधी सांगा, तोंडी, आणि दारावर कागदही लावा. संध्याकाळी जुन्यावर सांबा थांबवा, तिथे सर्व्हिसचं नाव एसएमबी आणि एनएमबी, डेबियनवर त्याच दोन सर्व्हिस एसएमबीडी आणि एनएमबीडी. मग डेटाचं पार्टिशन रीड ओन्ली करून टाका, माउंट डॅश ओ रीमाउंट कॉमा आरओ. ही पायरी लोक गाळतात, मी कधीच गाळत नाही. कारण शेवटच्या फेरीला डॅश डॅश डिलीट लावावं लागतं, म्हणजे मधल्या दिवसांत लोकांनी जुन्यावरून काढलेलं नव्यावरूनही निघावं, आणि घाईत दोन्ही पत्ते उलटे टाईप झाले तर आरसिंक जुना सर्व्हर नव्यासारखा करायला निघतं, जुनी डिस्क रीड ओन्ली असेल तर तिला काहीही करता येत नाही. बिझी आहे म्हणून नकार आला तर एलएसओएफ करून कोण फाईल धरून बसलंय ते बघा.

शेवटची फेरी झाली, पासडीबी नेली, सांबा चालू केलं की तपासणी. दोन्हीकडे फाईंड करून फायली मोजा, आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. डीयूचे जीबी थोडे वेगळे आले तर चालतं, फाईल सिस्टिम वेगळी असेल तर तसं होतं. मग प्रत्येक विभागाचा एक फोल्डर घेऊन आरसिंकला डॅश सी, डॅश एन आणि डॅश आय लावा, म्हणजे आतला मजकूर वाचून जुळवतो, काही छापलं नाही म्हणजे सगळं तेच आहे. सगळ्या २ टीबीवर करायला रात्र पुरणार नाही, अकाउंटचा फोल्डर तरी पूर्ण करा.

मग जुन्याला वेगळा आयपी द्या, नव्याला जुना आयपी, आणि एका पीसीवर बसून खऱ्या माणसाच्या लॉगिनने फाईल उघडा, सेव्ह करा, डिलीट करा. त्यानंतर जी उघडायला नको तीही उघडून बघा. अकाउंटच्या फोल्डरात डीटीपीच्या लॉगिनने शिरता येत नाही ना, हे तपासल्याशिवाय घरी जाऊ नका.

जुनं मशीन महिनाभर बंद करून कपाटात ठेवा, फॉरमॅट करायची घाई नको, कोणीतरी तीन आठवड्यांनी येतंच, ते जुनं काहीतरी होतं म्हणून. आणि बाहेरच्या डिस्कवरचा रोजचा बॅकअप नव्या मशीनवरून सोमवारच्या रात्रीपासूनच सुरू करा, एक कॉपी ऑफिसच्या बाहेर. त्यातली कुठलीही एक फाईल दर महिन्याला परत काढून उघडून बघा. पहिल्या वेळी अकाउंटच्या ताईंनाच शेजारी बसवा आणि त्यांनाच फाईल निवडू द्या.